एकदा खोकलं तर अळणी

"सर, तुम्ही आमचं कधीच काही चाखत का नाही?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती आणि भोंग्याने ती भर वर्गात जिंकली. भोंगा म्हणजे दहावीतली एक मुलगी. गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची; यंदा कंठ फुटला तो असा, की मैत्रिणींनी नवं बारसंच केलं. सुट्टीत ती शेफ होण्याच्या प्राथमिक कोर्सला येत होती. "सर्टिफिकेट आण, मग पुढे हेच शिकायचं का ते बघू," असं बाबांनी बजावलं होतं.

शेफसर जरा थबकले. मग त्यांनी तिच्याच टोमॅटो सूपचा चमचा तोंडात घातला. "उत्तम. मीठ अगदी बेताचं."

त्या सूपमध्ये भोंग्याने मीठ घातलं होतं आणि तिच्या जोडीदारणीनेही. मैत्रिणींनी चाखलं आणि नळाकडे धाव घेतली. सरांनी गंमत केली म्हणून वर्ग हसला. भोंगा हसली नाही. सरांनी दुसराही चमचा शांतपणे प्यायलेला तिने पाहिला होता.

वर्ग सुटल्यावर ती ओट्यापाशी रेंगाळली.

"तापानंतर चवच गेली माझी," सर पातेलं पुसत म्हणाले. "रंग बघून, उकळीचा आवाज ऐकून शिकवतो. कोर्स चालवणाऱ्या मोठ्या मॅडमना कळलं तर घरी बसावं लागेल."

"मी कुणाला नाही सांगणार, सर."

पण गुपित राखूनही अडचण आलीच. तिचा प्रश्न मोठ्या मॅडमच्या खोलीपर्यंत ऐकू गेला होता. "मुलीचं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "परीक्षेत आधी सर चाखतील, मग बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाई."

शेवटी तोडगा भोंग्यानेच काढला. परीक्षेत वाट्या नेऊन द्यायचं काम ती मागून घेणार आणि प्रत्येक सूप आधी चाखणार. एकदा खोकलं तर अळणी, दोनदा खोकलं तर खारट, गप्प राहिली तर बरोबर.

"तुला गप्प राहणं जमेल?" सरांनी विचारलं.

गप्प राहायची वेळ फारशी आलीच नाही. घाबरून कुणी मीठ विसरलं होतं, कुणी दोनदा घातलं होतं. भोंगा खोकत होती, सर "जरा अळणी", "हात सैल सुटलाय" म्हणत होते, आणि बाई प्रत्येक वेळी मान डोलावत होत्या. "काय जीभ आहे हो तुमची," त्या म्हणाल्या. सर लाजले.

शेवटची वाटी तिची स्वतःची. चव झकास जमली होती. तिने तोंड गच्च मिटून घेतलं. पण सकाळपासून खोटं खोकून घसा खरंच खवखवत होता. एक ढास आली, दुसरी आली, मग थांबेचना. सर बिचारे मोजत राहिले.

बाईंनी चमचा खाली ठेवला. "आजारी मुलगी सगळ्यांच्या वाट्या हाताळतेय. सर, खोकणाऱ्याबद्दल तुमचा नियम काय?"

नियम भिंतीवर सरांच्याच अक्षरात होता. खोकणाऱ्याने स्वयंपाकघराबाहेर जावं.

"बाई, चूक माझी आहे," सर म्हणाले. "मला चव..."

भोंगा इतक्या जोरात खोकली, की पुढचं कुणालाच ऐकू गेलं नाही. मग तिने एप्रन काढला आणि बाहेर गेली.

घरी आईने गरम पाण्याचा पेला पुढे केला. "खोकल्यापायी बाद झालीस?"

भोंग्याने मान हलवली, पूर्वीसारखी. तो एक प्रश्न पोटात ठेवला असता, तर आज भिंतीवर सर्टिफिकेट लागलं असतं आणि सरही निवांत असते. पाणी कडू लागलं तिला.

"पुढच्या सुट्टीत मी हाच कोर्स परत करणार आहे," ती म्हणाली.

"आणि परत खोकला आला तर?" बाबांनी विचारलं.

"नाही येणार, बाबा. पुढच्या वेळी झाकण वाजवायचं ठरलंय."