आप्पासाहेबांच्या मागं भिमाजी

"काही झालं तरी सात दिवस हे यंत्र कमरेवरून काढायचं नाही," असं दवाखान्यातल्या सुकन्याबाईंनी बजावलं आणि भिमाजीनं "न्हाई काढत" असा शब्द दिला. साखर कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं पहारा केलेल्या माणसाचा शब्द होता तो. एकदा गेटपास विसरलेल्या खुद्द साहेबाला त्यानं तासभर उन्हात उभं केलं होतं.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. काडेपेटीपेक्षा जरा मोठं असं ते यंत्र, पाऊल पडलं की आत टक् व्हायचं आणि आकडा एकानं पुढं सरकायचा. नगरच्या त्या दवाखान्यात, एचआयव्ही झालेली पन्नाशीपुढची माणसं दिवसभरात किती हिंडतात, कशामुळं हिंडतात आणि कशामुळं घरात बसतात, याचा अभ्यास चालला होता. रोज संध्याकाळी आकडा आणि कारण कागदावर लिहायचं. भिमाजीला डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी दोन वर्षं दिली होती. वरची दोन वर्षं त्यानं स्वतःच्या हिमतीवर काढली, असं त्याचं म्हणणं होतं.

"आमच्यासारखी मान्सं खाटंला खिळल्याली असत्यात आसं वाटतं लोकांला," तो बायकोला, मुक्ताबाईला म्हणाला. "येऊ दे कागदावर. भिमाजी चालतोय म्हनावं!"

मात्र आजार गावाला कळता कामा नये. काष्टीत तो एकट्या मुक्ताबाईला ठाऊक होता. बाहेर कळलं असतं तर पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी हातात दिला नसता.

पहिल्याच सकाळी पारावर बसलेल्या माजी सरपंच आप्पासाहेबांनी हाक मारली. "भिमाजी, पोटात काय टकटकतंय रं तुझ्या?"

"गुडघ्याचं यंत्र हाय," भिमाजीच्या तोंडून निघून गेलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की हात आखडता घेत नाही. "कमरंला लावून चाललं की गुडघा मोकळा हुतो. दोन दिसांत फरक!"

"मंग आन इकडं. माझाबी उजवा गुडघा लई छळतोय."

आप्पासाहेबांनी मागितलेली वस्तू नाही म्हणायची रीत काष्टीत नव्हती. म्हटलं असतं तर "का?" असा प्रश्न आला असता, आणि भिमाजी त्या प्रश्नालाच भीत होता. यंत्र आप्पासाहेबांच्या पायजम्याच्या नाडीला अडकलं. भिमाजीनं क्षणभर विचार केला आणि उपरणं खांद्यावर टाकून तो त्यांच्या मागं निघाला. यंत्र कुणाच्या का कमरेला असेना, पावलं आपली पडली पाहिजेत.

"तू कुठं निघालास?"

"नवीन मशीन हाय. बिघडलं तर मानूस जवळ नगं का?"

आप्पासाहेब सहा फूट उंच. त्यांचं एक पाऊल म्हणजे भिमाजीची उडीच. पण एक टक् म्हणजे आपलंही एकच पाऊल, असा त्यानं हिशेब बांधला होता. मळ्यापर्यंत तो उड्या मारत गेला. वाटेत खुरपणाऱ्या बायका हसून वाकल्या. आप्पासाहेब चहाला थांबले की भिमाजी उभ्या जागी खिळायचा. कुणी "बस की" म्हटलं तरी बसायचा नाही.

घरी येऊन त्यानं पाय शेकायला गरम पाणी मागितलं. मुक्ताबाई म्हणाली, "आवं, आकडा अंदाजानं टाका की."

"तीस वर्सं गाड्या अंदाजानं सोडल्या का म्या?"

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब पुन्हा दारात हजर. तिसऱ्या दिवशी त्यांनी बैलबाजार पालथा घातला. चौथ्या दिवशी ते सासुरवाडीला चालत गेले, म्हणून भिमाजीही त्यांच्या सासुरवाडीला जेवला. पाचव्या दिवशी ते टमरेल घेऊन परसाकडं निघाले, तेव्हा बाभळीआडून त्यांचा आवाज आला, "आरं, हितं तरी सोड!"

"तुमी निवांत व्हऊ द्या, आप्पासाहेब. मी पाठ करून हुबा हाय."

आठव्या दिवशी सुकन्याबाई एस.टी.नं आल्या. भिमाजीच्या ओट्यावर आप्पासाहेब बसलेले, यंत्र त्यांच्याच कमरेला. त्यांना बघून बाई दचकल्या, पण चटकन नजर वळवून आत गेल्या आणि कागद वाचू लागल्या. रोज पंधरा-सोळा हजार पावलं. कारणाच्या रकान्यात भिमाजीनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: आप्पासाहेब मळ्यात गेले. आप्पासाहेब सासुरवाडीला गेले. आप्पासाहेब परसाकडे गेले.

"हे आप्पासाहेब कोण?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"आवं, हे काय हितं..." म्हणत भिमाजी वळला. आप्पासाहेबांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. ते उठले, आत आले आणि दार लोटून घेतलं.

"बाई, आता वळक दिली तरी चालंल," ते हळूच म्हणाले. "भिमाजी, मलाबी ह्यांनीच यंत्र दिलंय. तुझ्या आदल्या दिशी. ट्रंकेत पडलंय. लोकांला काय सांगू, काय सुचंना. तू गुडघा म्हनालास आन् मला वाट घावली. माझं भाईर काढलं असतं तर तुला कळलं असतं, म्हनून तुझंच मागितलं."

भिमाजी आधी भडकला. "म्हंजी स्वताचं यंत्र ट्रंकेत ठिवून मला आठ दिस उड्या मारायला लावल्या?" मग एकाएकी त्याच्या ध्यानात आलं. चार वर्षं तो या गावात एकटाच आजारी होता. आज ते एकटेपण गेलं. इतका आनंद त्याला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता. मुक्ताबाईनं न विचारता दोघांपुढं चहा ठेवला.

सुकन्याबाईंनी मात्र भिमाजीच्या कागदावर काट मारली. "एकाची पावलं दुसऱ्याच्या यंत्रात. दोघांचाही आठवडा बाद. नव्यानं करावा लागेल."

आप्पासाहेब मटकन खाली बसले. भिमाजीनं चहा एका घोटात संपवला, त्यांच्या नाडीचं यंत्र सोडवून स्वतःच्या कमरेला लावलं आणि वहाणा पायात सरकवल्या.

"उठा, आप्पासाहेब. तुमचं यंत्र काढा भाईर. ह्या आठवड्यात मी फुडं चालनार, तुमी मागून या."