हेडक्लार्कांचं रिक्षामीटर

बायकोच्या गोठ्यात आपणही काहीतरी शास्त्रीय करावं, एवढंच हेडक्लार्कांनी ठरवलं होतं. पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

गोठा बायकोचा. बारा गाई, दोन शेड, दूध थंड करायची एक टाकी, आणि निवृत्तीनंतर या सगळ्यात येऊन दाखल झालेले हेडक्लार्क. पस्तीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढलेल्या नवऱ्याला बायकोने फार विचार करून एकच काम दिलं होतं: फाटक लावणं. (तेही ते महिन्यातून दोनदा विसरत. त्यांच्या मते एकदाच.)

म्हणून त्यांनी रिफ्रॅक्टोमीटर मागवला. मुठीत मावेल एवढी नळी, तिच्या एका टोकाला तिरकी काच. काचेवर थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, नळी उजेडाकडे धरून दुसऱ्या टोकाने बघायचं, आणि आत निळं संपून पांढरं जिथे सुरू होतं तिथला आकडा वाचायचा. गाय व्यायल्यावरचा पहिला चीक बावीसच्या वर भरला तर वासराला पाजण्याजोगा. खाली भरला तर नुसतं पोट भरेल, रोगाशी लढायची ताकद यायची नाही. असं माहितीपत्रकात होतं, आणि हेडक्लार्कांना ते एव्हाना पाठ झालं होतं.

पण तीन आठवडे एकही गाय व्यायली नाही. नळीला साखरही मोजता येते असं कळल्यावर हेडक्लार्कांनी घरातलं जे जे ओतता येतं ते सगळं मोजलं. खोकल्याचं औषध झालं, सरबत झालं, आणि एका सकाळी सासूबाईंचा चहा झाला. सासूबाईंना साखर वर्ज्य, चहा बिनसाखरेचा. तो नऊ भरला. हेडक्लार्कांनी आकडा मोठ्याने वाचला, बायकोने ऐकला, आणि साखरेचा डबा कुलपात गेला.

"तुमचं ते रिक्षामीटर उभ्या उभ्या पळतं," एवढं बोलून सासूबाईंनी जावयाशी बोलणं बंद केलं.

मग एका सकाळी सात नंबरची गाय व्यायली. मागच्या वर्षी याच गाईचं वासरू पातळ चिकावर राहिलं आणि आठव्या दिवशी गेलं. या वेळी बायकोने चीक काढला आणि बादली नवऱ्यापुढे ठेवली.

"अहो, बघा बरं तुम्ही."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण 'बघा बरं तुम्ही' त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. (याआधी ते 'बघितलंत ना' असायचं.) छाती फुगवून ते कामाला लागले. आधी नळी शून्यावर आणायची, त्यासाठी काचेवर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकायचा. बाटली स्वयंपाकघरात शेल्फवर होती, लेबलसकट. थेंब टाकला तर रेषा थेट बारावर. पार्सलमध्ये आपटली असणार, असा शेरा मनातल्या मनात मारून त्यांनी नळीवरचा स्क्रू पिळला. बराच पिळावा लागला, पण शून्य आलं. मग चिकाचा थेंब टाकला. चौदा.

बायकोने चीक बोटांत घोळून पाहिला. एवढा दाट, बोटं चिकटताहेत आणि चौदा कसा, असं तिने विचारलं. बोटं हा पुरावा होत नाही, असं हेडक्लार्कांनी कचेरीच्या आवाजात सांगितलं. एरवी ती हसली असती. पण मागचं वासरू तिच्या डोळ्यांसमोरून हललं नव्हतं. तिने बादली झाकून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मग दुसरीकडून आणा. लवकर. पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा."

हेडक्लार्क स्कूटर घेऊन सुटले आणि पलीकडच्या डेअरीतून गोठवलेल्या चिकाची बाटली घेऊन आले. ती कोमट पाण्यात वितळवायची असते. कोमट पाण्याला वेळ लागतो, म्हणून त्यांनी उकळतं घेतलं. थोड्या वेळाने बाटली उलटी केली तर आतून काहीच पडेना. चिकाचा खरवस होऊन दगड झाला होता.

गोठ्यात वासरू भिंत चाटत होतं. बायकोने बाटली त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवली, आणि त्यानेच हेडक्लार्कांचं तोंड एवढंसं झालं. या घरात आपण फाटकापुरतेच ठीक होतो, असं त्यांना खरोखर वाटलं. चूक कुठे झाली ते शोधायला ते मोठ्याने एकेक पायरी आठवू लागले: काच धुतली, पुसली, डिस्टिल्ड वॉटरने शून्य केलं...

"कुठल्या पाण्याने?" दारातून सासूबाईंनी विचारलं. चहाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"शेल्फवरच्या बाटलीतल्या, आई."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग वासराकडे पाहिलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "ते पाणी नाही, जावईबापू. माझी साखर आहे ती. डब्याला कुलूप लावायच्या आधी विरघळवून ठेवली."

बाराला शून्य धरलं तर चौदा म्हणजे किती, हे रेकॉर्ड विभागालाही जमण्यासारखं होतं. पण बेरीज होईपर्यंत बायको बादली घेऊन पोचलीसुद्धा. वासरू शेपटी हलवत पिऊ लागलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बायको डोळे पुसत हसत होती.

हेडक्लार्कांनी काच धुऊन, नवी बाटली फोडून, पुन्हा शून्य करून बादलीच्या तळातला थेंब मोजला. सव्वीस. त्यांनी नळी बायकोपुढे धरली.

तिने पाहिलं नाही. "बोटांना मघाशीच कळलं होतं," ती म्हणाली. "स्कूटर आत घेतल्यावर फाटक लावलंत का?"

फाटक सताड उघडं होतं. अंगणात मोकळ्या सोडलेल्या अकराच्या अकरा गाई शेजाऱ्याच्या मक्यात होत्या.

"जा, मोजून आणा," सासूबाई म्हणाल्या. "मोजणं तुमच्याकडेच आहे ना."

हेडक्लार्कांनी आणल्या, आत घेतल्या, आणि कधी नव्हे ते आठवणीने फाटक लावून कडीही घातली. मग मोजल्या. दहा भरल्या. अकरावी फाटकाबाहेर उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.