सारखा असलेला भाग

चाल चोरलेली आहे की नाही हे ठरवायला गाणं ऐकावं लागतं, असा एक मागासलेला समज पूर्वी होता. कर्जत-खालापूरकरांनी तो मोडून काढला, याबद्दल त्यांचं करावं तेवढं कौतुक थोडंच.

पोशीरच्या संतोषनं हळदीचं एक गाणं केलं आणि मोबाइलवर सोडलं. मुखडा लोकांना नाचायला. अंतरा मात्र बायकोसाठी. लग्नानंतर श्रद्धाला जे समोरासमोर कधी सांगता आलं नाही, ते त्यानं अंतऱ्यात घातलं होतं. तिनं तो ऐकावा, एवढीच त्याची हौस. पण ते गाणं ना तिनं ऐकलं, ना गावानं. मग लोधिवलीच्या जितेशनं, म्हणजे श्रद्धाच्या सख्ख्या चुलतभावानं, जाहीर केलं की ही चाल त्याच्या गाण्यावरून उचलली आहे. त्यानंतरही गाणं कोणी ऐकलं नाही, पण मत प्रत्येकाचं झालं.

मतं शास्त्रशुद्ध होती. पोशीरकरांना दोन्ही चालींत जमीन-अस्मानाचा फरक वाटे, लोधिवलीकरांना तसूभरही वाटत नसे. (जावयांना सासुरवाडीत जेवण होईपर्यंत एक वाटे, घरी परतल्यावर दुसरं.) नेरळच्या रिक्षा स्टँडवर बहुमत चोरीच्या बाजूनं होतं, कारण चोरी झालीच नसेल तर दिवसभर बोलायचं कशावर?

श्रद्धाची पंचाईत झाली. "अवो, मला माहेरी तोंड दाखवायचं हाय."

"अगं, पण तू ऐकलंस का गाणं?"

"ऐकायचं काय त्यात? भाऊ खोटं बोलंल व्हय?"

लोकांनी चोर म्हटल्याचं संतोषला फार लागलं नव्हतं. हे लागलं.

शेवटी खालापुरात एका हॉलवर समिती बसली. सदस्य दोन: स्पीकर भाड्यानं देणारे पोपटशेठ (आवाजाचा अनुभव), आणि दोन्ही गावांचे सोयरे धाऊमामा (दोन्हीकडे जेवण्याचा अनुभव). गाणी लावली. मुखडा सुरू होताच अर्धा हॉल "तेच हाय!" आणि अर्धा "कुठं तेच हाय?" असं ओरडला, मग दोन्ही अर्धे उठून नाचू लागले. शांततेसाठी गाणी बंद करावी लागली.

"पुढचं तरी ऐका. पुढं अंतरा हाय," संतोष म्हणाला.

"तो सारखा हाय का?" पोपटशेठनी विचारलं.

"नाय. तो माझा एकट्याचा हाय."

"मंग त्याचा हितं काय संबंध?"

निकाल एकमतानं लागला. यापुढे कोणत्याही हळदीत दोन्ही गाण्यांचा फक्त सारखा असलेला भाग वाजवावा, म्हणजे कोणाचं गाणं वाजलं हा प्रश्नच उरत नाही. वेगळा असलेला भाग भांडणाचं मूळ समजून गाळावा.

समेट इतका पक्का झाला की श्रद्धाच्या बहिणीच्या हळदीत दोन्ही गावं एकत्र नाचली. श्रद्धाही हळदीनं माखून नाचत होती. संतोष गर्दीतून वाट काढत तिच्या कानाशी गेला.

"अगं, याच्या फुडं एक अंतरा हाय. तुझ्यासाठी केलेला."

"समितीनं गाळलाय ना? मंग कायतरी वाईटसाईटच असंल त्यात," ती हसत म्हणाली, आणि नाचत पुढे गेली.

खरा चोर कोण, ते समितीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यामुळे आपली निराशा झाली असेल, कारण तेवढ्यासाठीच आपण इथवर वाचत आलात. अंतऱ्यात काय होतं, हे आपल्यालाही विचारावंसं वाटलं नाही.