बाण मी लावलाय!

डोंगरात सायकल चालवायला पाय लागतात, असं लोक समजतात. साफ चूक! डोळे लागतात! आणि डोळ्यांच्या बाबतीत ब्लानहेलिग गावात शेवटचा शब्द माझा. चष्म्याचं एकुलतं एक दुकान माझंच आहे. गावातल्या निम्म्या नाकांवर मी बसलेलो आहे म्हणा ना!

त्यामुळे आमच्या सायकल मंडळाच्या बैठकीत लाउरीने विचारलं, "शर्यतीच्या वाटेवर दिशेचे बाण कोण लावणार?" तेव्हा मी नुसता हात वर केला नाही, उभाच राहिलो.

"या कामाला नजर लागते!" मी म्हणालो.

लागली.

ही लाउरी म्हणजे आमच्या मंडळाची प्रमुख. एरवी शाळेची बस चालवते. आरशातून एकदा मागे बघितलं की अख्खी बस चिडीचूप होते. तिने माझ्याकडे तसंच बघितलं. "गेथिन, नुसते बाण आहेत, पण जपून हं. यंदा तेग्वेनबाईंचा निकाल लागायचाय."

तो निकाल म्हणजे आमच्या जिवाचा प्रश्न होता. गावामागच्या लार्चच्या उंच झाडांच्या जंगलातून आम्ही सायकलींसाठी एक वाट काढली आहे. दर रविवारी फावडी-कुदळी घेऊन जायचं, चिखल उपसायचा, दगड बसवायचे, चर खणायचे. वाट अशी लांब, ओली आणि वळवळणारी आहे की आम्ही तिचं नावच ठेवलंय 'चेटकिणीची जीभ'. पण जंगल तेग्वेनबाईंचं. बाईंनी सत्तरी ओलांडलीय, अंगात बारा महिने तोच हिरवा कोट आणि कपाळावर तीच आठी. त्यांनी आम्हाला एका वर्षापुरती परवानगी दिली होती, तीही एका अटीवर.

"जंगलात काय गोंधळ घालायचा तो घाला. पण वर डोंगरावरच्या माझ्या कुरणात एक जरी चाक दिसलं, तर वाट बंद! मेंढ्या बिथरतात."

शर्यत झाली की वाट ठेवायची की बुजवायची, ते त्या सांगणार होत्या.

तर मी बाण लावायला निघालो. नेरिस, म्हणजे माझी बायको, पाट्या धरायला सोबत होती. शेवटचा बाण जंगलाच्या माथ्यावर लावायचा होता. तिथे वाट उजवीकडे वळून जंगलात उतरते आणि डावीकडे फाटक आहे, पलीकडे ते कुरण. मी कुंपणाच्याच खांबावर पाटी ठेवली, एक खिळा ठोकला आणि हात झटकले.

"दोन ठोक," नेरिस म्हणाली. "एका खिळ्यावर पाटी फिरेल."

"बाण आहे तो, पंखा नव्हे!"

नेरिसने उरलेला खिळा खिशात टाकला. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायका वाद घालत नाहीत. नुसती वाट बघतात.

शर्यतीच्या दिवशी सकाळी धुकं उतरलं. जुलैचा महिना, पण आमच्याकडे जुलैला ते कोण सांगणार! धुकं इतकं दाट की पुढचं चाक आपलं आहे की दुसऱ्याचं, ते हात लावून बघावं लागत होतं. तरी तीसेक जण जमले. नेरिस घड्याळ आणि चहाचा थर्मास घेऊन खाली शेवटच्या रेषेपाशी जाऊन बसली. वरचा चढ सगळ्यांनी वाटाड्याच्या मागून हळूहळू चढायचा आणि माथ्यावरच्या वळणापासून खरी शर्यत, असं ठरलेलं. वाटाड्या कोण? हे काय विचारणं झालं!

धापा टाकत मी माथ्यावर पोचलो. धुक्यातून पाटी दिसली. बाण डावीकडे.

मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. डावीकडेच. माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणजे झालं!

"अहो, उजवीकडे ना?" मागून लाउरी म्हणाली.

"बाण मी लावलाय, लाउरी!"

"पण मला वाटतं..."

"बाण मी लावलाय!"

"मग हे फाटक कसलं?" आणखी कोणीतरी विचारलं.

"फाटक उघडायला असतं!" असं म्हणून मी ते उघडलं आणि एखाद्या लग्नघरच्या यजमानासारखा बाजूला उभा राहून सगळ्यांना आत घेतलं. फाटक मात्र आठवणीने लावलं. मी काही बेजबाबदार माणूस नाही!

थोडं अंतर गेल्यावर मला एक गोष्ट खटकली. झाडं! जंगलात ती असतात. इथे एकही नव्हतं. चाकाखाली मऊ गवत, चहूकडे पांढरं धुकं आणि कुठूनतरी "बेंऽऽ".

"गेथिन," लाउरी अगदी शांतपणे म्हणाली. बसमध्ये कोणीतरी ओकल्यावर ती याच आवाजात बोलते. "आपण कुरणात आहोत."

खरं सांगतो, सायकलसकट जमिनीत गडप व्हावं असं वाटलं. किती रविवार, किती जणांच्या हातांचे फोड, आणि माझ्या एका खिळ्यापायी सगळ्यावर माती! पण पुढाऱ्याने डगमगून चालत नाही. मागे फिरावं तर फाटक कुठे गेलं ते दिसेना. उताराने खाली गेलं तर कुठेतरी पोचू, एवढं नक्की.

मी हुकूम सोडला. "कोणी हरवू नका! आडवी रांग करा! घंट्या वाजवत राहा आणि एकमेकांना हाका मारा! हळूहळू खाली उतरायचं!"

तीस सायकली डोंगरभर आडव्या पसरल्या. घंट्या किणकिणू लागल्या. "होऽऽ!" "आहेस काऽऽ?" "आहेऽऽ!" अशा आरोळ्या देत आम्ही उतरू लागलो. पुढे धुक्यात कसलीतरी खसफस होत होती. मला वाटलं, वारा असेल.

अर्ध्या उतारावर धुकं विरलं आणि खाली दुसरा ढग दिसला. तो पळत होता!

अख्ख्या डोंगरावरच्या मेंढ्या आमच्या पुढे धावत होत्या. शेकड्यांनी! थांबावं तर उतार, ओरडावं तर त्या आणखी पळणार. आणि ढगाच्या वाटेत, सरळ खाली, तेग्वेनबाईंचं अंगण आणि मेंढ्या कोंडायचं वाडगं.

अंगणात हिरवा कोट उभा होता. शेजारी त्यांचा कुत्रा मॉस, पुढच्या पायाला पट्टी बांधलेला. मी सायकल टाकली आणि माफीची वाक्यं जुळवू लागलो. "तेग्वेनबाई, मी काय म्हणतो, धुकं..."

"गेट!" बाई कडाडल्या. "वाडग्याचं गेट लाव, गाढवा! आत शिरताहेत त्या!"

मी धावलो. शेवटची मेंढी आत शिरली तसं मी फाटक खाडकन ओढून घेतलं आणि कडी घातली. फक्त मी स्वतः कोणत्या बाजूला आहे, हे बघायचं राहून गेलं. कमरेपर्यंत लोकर, मध्ये मी! एक मेंढी माझ्या शर्यतीच्या अंगरख्याची बाही चघळू लागली.

बाई कठड्याशी आल्या. डोंगराकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं. आता वीज पडणार, म्हणून मी डोळे मिटले.

"सगळ्या?" बाई पुटपुटल्या. "सगळ्याच आणल्यात?"

मी एक डोळा उघडला.

झालं होतं असं, की दुसऱ्या दिवशी सकाळी लोकर कातरणारे यायचे होते. ते एकदा हुकले की महिनाभर परत मिळत नाहीत. आणि मॉसच्या पायात काटा गेलेला. कुत्र्याशिवाय डोंगरावरून मेंढ्या खाली आणणं म्हणजे चाळणीने विहीर उपसणं. बाई पहाटेपासून एकट्याच अंगणात उभ्या होत्या, कातरणाऱ्यांना येऊ नका म्हणून कळवायचं कसं, या विचारात.

माझी छाती पुन्हा फुगू लागली. "तेग्वेनबाई, आमच्या मंडळाला वाटलं की शेजारधर्म..."

"गप्प बस. त्या निळ्या कोणाच्या?"

बाईंच्या मेंढ्यांच्या पाठीवर लाल ठिपका असतो. वाडग्यात लाल होत्याच, पण निळ्याही कमी नव्हत्या. आणि तेवढ्यात खडखड करत हेवीनची चारचाकी मोटारसायकल अंगणात शिरली.

हेवीन म्हणजे पलीकडच्या उतारावरचा शेतकरी. त्याच्या आणि बाईंच्या कुरणामधली दगडी भिंत एका वादळी रात्री पडली. ती कोणी बांधायची यावरून जे वाजलं, ते तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. चर्चमध्येसुद्धा एक डावीकडे बसतो, एक उजवीकडे, आणि स्तोत्रं वेगवेगळ्या चालीत म्हणतात.

बाईंनी त्याच्याकडे न बघता मला सांगितलं, "त्याला सांग, त्याच्या मेंढ्यांना इथे कोणी आवतण दिलं नव्हतं."

मी मेंढ्यांमधून मान वर काढून म्हणालो, "हेवीन, तेग्वेनबाई म्हणतात, अचानक आलात, बरं वाटलं."

"तिला सांग, भिंत वेळेवर बांधली असती तर ही वेळ आली नसती!"

"हेवीन म्हणतात, भिंतीचं सवडीने बघू."

"मी बहिरी नाहीय!" बाई ओरडल्या.

"मीही नाही!" हेवीन गरजला.

"गेथिन, तू चष्मे विक!" दोघं एकदम म्हणाले. इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालेलं ते पहिलं वाक्य!

मग मात्र थेट जुंपली.

"भिंत तुझ्या मेंढ्याने पाडली! तो काळ्या तोंडाचा, दांडगा!"

"त्याचं नाव काढू नकोस. गेला तो."

बाई थांबल्या. "गेला? कधी?"

"मागच्या हिवाळ्यात. म्हातारा झाला होता."

"अरे, मग मला कळवायचं नाही का? सगळ्या खोऱ्यात तसा मेंढा नव्हता."

"कसं कळवणार? मध्ये भिंत होती ना!"

"पडलेलीच तर होती!" बाई म्हणाल्या.

हेवीनने टोपी काढली, परत घातली, नाक पुसलं. मॉस लंगडत त्याच्याकडे गेला आणि त्याच्या बुटावर हनुवटी ठेवून पसरला. आम्ही तीस जण दुसरीकडे बघत सायकलींच्या साखळ्या तपासू लागलो.

मग सगळी दुपार लाल आणि निळ्या वेगळ्या करण्यात गेली. फाटकापाशी हेवीन, मधल्या दारापाशी बाई, आणि सायकली आडव्या लावून आम्ही केलेलं कुंपण. डोळ्यांचा तज्ज्ञ म्हणून मी रंग पुकारत होतो.

"लाल! लाल! निळी! लाल!"

"गेथिन, ती लाउरी आहे!" हेवीन ओरडला. "सोड तिला!"

या धामधुमीत फाटकाशी कोणीतरी नखशिखान्त भिजलेलं येऊन उभं राहिलं. हातात घड्याळ, काखेत रिकामा थर्मास. नेरिस! शेवटच्या रेषेपाशी वाट बघून बघून ती सगळी 'चेटकिणीची जीभ' पायी चढून आली होती, आणि पुढे गवतातल्या चाकोऱ्या बघत इथवर.

"कोण जिंकलं?" तिने विचारलं.

"मेंढ्या," लाउरी म्हणाली.

नेरिसने मुठीतून लोकरीचा एक पुंजका काढून माझ्या हातावर ठेवला. "पाटीच्या कडेला अडकला होता. पाठ घासली असेल कोणीतरी. पंखा छान फिरतोय तुझा."

संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात सगळे कोंबून बसलो. मटण आणि कांदापातीचं वाफाळतं कालवण, मनुकांचा पाव, किटली भरभरून चहा. पण सगळ्यांची नजर बाईंच्या तोंडाकडे. शेवटी लाउरीनेच विचारलं, "तेग्वेनबाई, वाटेचं काय ठरवलंत?"

बाईंनी पळी खाली ठेवली. "अट मोडलीत तुम्ही. एक चाक म्हणाले होते, साठ मोजली."

आम्ही माना खाली घातल्या.

"आता अट बदलली. वाट राहू दे. पण शर्यत दर वर्षी कातरणीच्या आदल्या दिवशी, आणि वरून कुरणातून! त्या दिवशी एक जरी चाक कमी दिसलं, तर बुजवून टाकीन सगळं!"

असा काही जल्लोष झाला की वाडग्यातल्या मेंढ्यांनीसुद्धा साथ दिली. लाउरीने डोळे पुसले. कांदापातीमुळे, असं ती म्हणाली. हेवीनने कालवण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बाईंनी न विचारता वाढलं.

त्यानंतरच्या रविवारी अख्खं मंडळ ती पडकी भिंत बांधायला गेलं. बाई आणि हेवीन शेजारी शेजारी बसून दगड रचत होते आणि प्रत्येक दगडावरून भांडत होते. मला लाउरीने सांगितलं, "तुम्ही नुसते दगड आणून द्या. कुठे ठेवायचे ते आम्ही बघतो."

ठीक आहे! आम्ही कामाला लाजत नाही. काटेरी झुडपांच्या मागे मला दगडांची सुरेख रास सापडली. चपटे, एकसारखे, जणू कोणी निवडून रचलेले! ढकलगाडी भरभरून मी खेपा घालू लागलो.

"वा, गेथिन!" हेवीन म्हणाला. "दगड असावेत तर असे!"

"कामाचा माणूस आहेस रे," बाईसुद्धा म्हणाल्या. बाईंच्या तोंडून! मी नेरिसकडे बघितलं. ती झुडपांकडे बघत होती.

भिंत छातीपर्यंत आली. आता शेवटची खेप. मी झुडपांकडे वळलो तर समोरून एक मेंढी रमतगमत चालत आली. निळी. तिच्या मागून दुसरी. मग एक लाल. मग त्यांच्या मागे मोठाच घोळका.

बाईंनी हातातला दगड सावकाश खाली ठेवला. "गेथिन... हे दगड तू नक्की कुठून आणतोयस?"

मी झुडपांच्या मागे डोकावलो. भिंत तिथूनही जात होती. म्हणजे, सकाळपर्यंत जात होती.

"ते सांगतो," मी म्हणालो, "पण आधी एक सांगा, कोणी सायकली आणल्यात का?"