सामुराईच्या वहाणा

जानूकाका परब टीव्हीसमोर नारळ ठेवल्याशिवाय कधी तलवार उपसत नसत. तलवार टीव्हीतली, नारळ मात्र खरा, परसातल्या माडाचा. नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि देवळात घालतात तसे खणखणीत आवाजात गाऱ्हाणे घालायचे.

"बा देवा म्हाराजा, हें जपानी लेकरू आपलो गाव सोडवूक भायर सरलां, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खाटेवरून काकी हुंकार द्यायची.

"तेचे वाटेर जो कोण आड येयत, तेका कुशीक कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता पडद्यावरचा शत्रू काही हुंकारासाठी थांबणारा नव्हे. गाऱ्हाणे संपेपर्यंत आमचा सामुराई बहुधा उताणा पडलेला असे. खेळ थोडा वेळ थांबवायचे बटण असते, ते मी काकांना दाखवले होते. काका म्हणाले, "देवाक सांगताना खेळ बंद? मगे देव बघतलो कितें?"

मी पेडण्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे, आणि जानूकाका माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांची सारी हयात डिचोलीच्या लोखंडाच्या खाणीवर माती उपसायचे यंत्र चालवण्यात गेली. खाणी बंद पडल्या, काका घरी बसले. मुलगा बोटीवर नोकरीला गेला तो आपले खेळाचे यंत्र मागे ठेवून गेला. ते बरेच दिवस कपाटावर धूळ खात होते. पुढे काकी अर्धांगाने खाटेला खिळली, टीव्हीवरच्या सासवा-सुनांना विटली, तेव्हा काकांनी ते खाली उतरवले. यंत्राबरोबर खेळ एकच होता, जुन्या जपानातल्या एका सामुराईचा. म्हणजे तिकडचा तलवारबहाद्दर.

जपान म्हटल्यावर काकांचा ऊर भरून येई. खाणीतली माती बार्जीतून, म्हणजे नदीतल्या मालवाहू होडीतून, मुरगाव बंदराला आणि तिथून मोठ्या बोटीने जपानला जायची, त्यामुळे तो देश आपणच उभा केला असे त्यांना वाटे. सामुराईने तलवार काढली की ते मला सांगत, "बाई, ही आमच्या डिचोलीच्या मातयेची."

माझ्यातला इतिहास दुखावला. "काका, ही गोष्ट कित्येक शतकांपूर्वीची. तेव्हा तुमची खाण कुठे होती?"

"मातयेक वर्सां कितलीं जालीं, बाई?"

"लाखो असतील."

"आनी तुमच्या त्या गजालीक?"

"पाच-सातशे."

"मगे?" काका म्हणाले आणि पुन्हा खेळात गुंतले. तीस वर्षे मुलांना धडे देणारी मी, त्या दिवशी धडा घेऊन घरी आले.

खाणीवर एकदा एक जपानी साहेब आला होता. काकांनी हात जोडले, तो कमरेत वाकला. काका त्याच्याहून वाकले, तो आणखी वाकला. दोघांतले कुणी आधी सरळ होईना. अखेर मुकादमाने जेवणाचा भोंगा वाजवून दोघांना सोडवले. तेव्हापासून काकांचे मत पक्के झाले, "जपानी मनीस म्हळ्यार रीत. रीत ती रीत." म्हणून खेळातही प्रत्येक शत्रूला ते आधी वाकून नमस्कार करत. शत्रू त्या वाकलेल्या मानेवरच वार करी. काका पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत, पुन्हा वाकत. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काकीला लढाईचे सोयरसुतक नव्हते. तिचा राग वेगळाच होता. सामुराई कुणाच्याही घरात पायांतल्या गवती वहाणांसकट घुसायचा. "व्हाणो काड मरे!" ती खाटेवरून ओरडायची. "बायलमनशेन सारवलेलें आसा थंय!" तो कधी काढायचा नाही. मग ती काकांना म्हणे, "घरदार सोडून भोंवता, तेका रीत कोण शिकयतलो? आयकलें? एकदां तेका घरा पावयात."

सामुराईचे घर गोष्टीच्या शेवटी होते. एक लाकडी पूल, पुलावर शेवटचा शत्रू, पलीकडे घर. चवथीच्या सुमाराला काका पुलाशी पोचले. आता दोन-चार दिवसांचा प्रश्न, असे मला वाटले. पण काका तिथून मागे वळले. मग ते बांबू तोडत बसले, गरम पाण्याच्या झऱ्यात सामुराईला तासन्‌तास बुडवून ठेवू लागले, कोल्ह्यांच्या मागे रानोमाळ हिंडू लागले. काकी वैतागली. "पुलार पावल्लो न्हय? परत खंय चल्लो?"

मीही एकदा चिडवले, "काय काका, घाबरलात की काय?"

काका हसले नाहीत. मला खुणेने तुळशीपाशी घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "दोतोर म्हणता, चार म्हयने जायत न जायत. खेळ सोंपलो जाल्यार ती फाल्यां कसली वाट बघतली, बाई?"

माझी मलाच लाज वाटली. त्यानंतर काकीने विचारले की मीही सांगू लागले, "पुलावरचा फार जबरदस्त आहे हो काकी, वेळ लागणारच, उद्या बघू."

चार महिन्यांच्या जागी काकीने सहा काढले. शिमग्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिने डोळे न उघडताच विचारले, "तो घरा पावलो?"

"फाल्यां," काका म्हणाले.

संध्याकाळी ती गेली.

टीव्हीवर चादर पडली. काकांना जेवणाचा डबा मी नेऊन द्यायचे, तो अर्धाअधिक तसाच परत यायचा. महिना-दीड महिन्याने एका संध्याकाळी ते माझ्या फाटकात उभे, हातात नारळ.

"बाई, गाऱ्हाण्याक हुंकार जाय. एकट्यान कशें घालूं?" मग मान खाली घालून म्हणाले, "हांवें तिका फट मारली, खोटें सांगलें. फाल्यां म्हळें. आतां तेका घरा पावयात."

गाऱ्हाण्याला बायकांनी हुंकार द्यायची आमच्या गावात रीत नाही. काकीपुरती काकांनी ती कधीच मोडली होती. मी गेले.

"बा देवा म्हाराजा, जी हांगा पडून तेची वाट बघताली, तिका आज थंय कळूं दी, म्हाराजा!"

मी रिकाम्या खाटेकडे पाहिले. काका थांबून राहिले होते. "व्हय म्हाराजा," मी कसेबसे म्हटले.

काका दोनदा वाकले, सामुराई दोनदा पडला. तिसऱ्या खेपेला ते वाकलेच नाहीत, सरळ तलवार काढून तुटून पडले.

"काका, रीत?"

"आदीं घर, रीत मागीर, बाई."

पुलावरचा पडला. सामुराई लंगडत पूल ओलांडून गेला. काकांची बोटे बटणांवरून उठली, आता तो आपला आपणच चालत होता. लहानसे घर आले. तो पायरीवर बसला, वाकून वहाणांचे बंद सोडले, दोन्ही वहाणा नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी आत गेला.

काका उठले. रिकाम्या खाटेच्या कडेला जाऊन बसले आणि घडी घातलेल्या वाकळीवर त्यांनी हात ठेवला.

"बघ गो," ते म्हणाले, "काडल्यो तेणें."