प्लेटा उन्हात ठेवल्या

"कोणती वीज स्वस्त आणि कोणती कामाची, हे मोठमोठ्या साहेबांना अजून ठरवता आलं नाही. मी चक्कीवर ठरवून दाखवतो!" भाईदासने पारावर अशी गर्जना केली की झोपलेली कुत्री उठून बसली.

एरंडोलच्या अलीकडचं गाव. चक्की बायकोची, प्रमिलाबाईची. भाईदासची फक्त गर्जना. तारेतली लाईट दिवसा यायची ती घाईतल्या पाहुण्यासारखी, तोंड दाखवून चहाच्या आत पसार! दिवसा लाईट मागायला गेलं की साहेब असा बघायचा, जणू आपण त्याचं मूत्रपिंड मागितलं. गिऱ्हाईक डबे उचलून शेजारच्या गावाला चाललं. शेवटी प्रमिलाबाईने भंगारवाल्याला निरोप धाडला.

"तो येवाना दिवशी सूर्य बुडापर्यंत तुम्हनी परीक्षा करी ल्या," ती नवऱ्याला म्हणाली. "काही जमनं तर चक्की ऱ्हाई. नही जमनं तर तो लई जाई."

भाईदासने आधी वारा तपासला. "तीबी चक्की, हीबी चक्की," म्हणत तो मेहुण्याला, ललितला घेऊन साक्रीकडच्या पवनचक्क्या बघायला गेला. खाली उभं राहून त्याने मान वर केली, आणि टोपी मागे पडली तरी त्याला कळलं नाही. पातं एकदा फिरलं की सावली अख्ख्या शेतावरून धावत जायची! त्याने चपला काढल्या आणि हात जोडले. मग तिथल्या राखणदाराला, धनाला, विचारलं, "गावात एखादी बसवता येईल का हो?"

"तुमच्या गावात वारा किती, आबा?"

"आता मे महिन्यात पान हलत नाही."

"मग पंखा लावून त्यालाच वारा घालाल का?"

वारा बाद.

ठरलेला दिवस उजाडला. भंगारवाला तराजू घेऊन सकाळीच ओट्यावर येऊन बसला. भाईदासने मांडववाल्याचं जनरेटर आणलं. ते सुरू होताच म्हैस दावं तोडून पळाली! दळण निघालं खरं, पण डिझेलचा हिशोब केला तर युनिटमागे तारेतल्या लाईटीच्या तिप्पट खर्च. वर पिठाला वास. गावातल्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक दगडीबाई पीठ हुंगून कडाडल्या, "ही भाकर खाईसन मी फटफटी व्हसू का रे?"

डिझेल बाद.

भंगारवाल्याने घणाला हात लावला. "थांब!" भाईदास ओरडला. "अजून प्लेटा येणार आहेत!" जमलेल्या बायांत पुढे उभ्या दगडीबाईंकडे वळून त्याने छाती फुगवली. "अक्का, काही नाही करायचं. प्लेटा फक्त उन्हात ठेवायच्या. जितकं ऊन, तितका फायदा!"

दुपारी एरंडोलचा सोलरवाला किरण ट्रॉली घेऊन आला. काळ्या, चकचकीत प्लेटा. चक्कीमागे ट्रॉली लावून त्याने आत वायर जोडली आणि खटका दाबला.

जातं फिरलं!

धूर नाही, धडधड नाही. ज्या उन्हाला सगळा खान्देश शिव्या घालतो, ते ऊन इथे बसून ज्वारी दळत होतं! कोट्यवधी कोसांवरचा तो गोळा, आणि त्याचं काम ह्या एवढ्याशा खोलीत पांढरं होऊन डब्यात पडत होतं. प्रमिलाबाईने ते ऊन ऊन पीठ मुठीत धरलं. भंगारवाल्यानेसुद्धा टोपी काढली.

आणि जातं कण्हलं. मंदावलं. थांबलं.

"किरण!"

"काका, फार तापलं की जरा कमी वीज देतात प्लेटा. पण बंद नाही पडत!"

वायर बघितली. पेटी उघडली. भाईदासने पेटीला एक बुक्की मारली, मग एक नारळ फोडला. काही नाही! बाहेर तर ऊन असं की सावलीला घाम फुटावा. भंगारवाला घण घेऊन उठला. प्रमिलाबाईने डोळ्याला पदर लावला. भाईदासने निकाल दिला, "सोलर... नापास!"

तेवढ्यात चक्कीमागून दगडीबाईंची हाक आली, "पोरीहो, बिबडा उलटा करा वं! एक बाजू वाळी गई!"

सगळे मागे धावले. ट्रॉलीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जुनी धोतरं अंथरलेली, त्यावर ज्वारीचे पापडासारखे गोल गोल ओले बिबडे. खाली कुठेतरी प्लेटा. सूर्यालासुद्धा सापडू नयेत अशा!

"अक्का, हे काय केलं?"

"तूच सांगं व्हतं ना बापा! प्लेटा उन्हात ठेवायच्या म्हणे. रिकाम्या प्लेटा कोण ठेवस?" त्यांनी एक बिबडा कडकन मोडला. "पन काय जादू शे रे! गच्चीवर दिवस लागस, आठे ह्या प्लेटावर चिलीम ओढापर्यंत कडक!"

धोतरं निघाली. जातं गरगरलं. प्रमिलाबाईने भंगारवाल्याला चहा पाजून रिकाम्या तराजूसकट वाटेला लावलं.

आता चक्कीवर स्वतःच्या प्लेटा आहेत. शेजारच्या गावचं गिऱ्हाईकसुद्धा इकडे येतं. विजेसाठी नव्हे हो! प्रमिलाबाईने किरणकडून एक फुटकी, बाद प्लेट मागून बिबडे वाळवायला गच्चीवर टाकली आहे, आणि तिचा नियम आहे: दळण जिचं, बिबडे तिचे.

परवा कुणीतरी खालून विचारलं, "भाऊ, बठ्ठ्यामा चांगली वीज कोनती?"

गच्चीवर काठी घेऊन बसलेल्या भाईदासने घसा खाकरला. "हे बघा, वारा, डिझेल आणि ऊन यांची तुलना केली असता..."

"भाईदास!" दगडीबाई ओरडल्या. "आधी कावळा हाक!"