पुढचा ब्रेक कोणत्या हाताला

गल्लीतल्या सायकलींच्या हँडलवर ब्रेकच्या दोन दांड्यांपैकी उजवी दांडी घासून चकचकीत झालेली असे आणि डावीवर बोट फिरवलं तर धूळ निघे. सायकल मिस्त्रींच्या मुलीने वार्षिक सफाईसाठी दुकानात आलेल्या अकरा सायकली तपासल्या. अकराही ठिकाणी हेच. मग तिने दांड्या दाबून पाहिल्या. उजवी दाबली की मागचं चाक थांबत होतं, डावी दाबली की पुढचं. कारखान्याच्या पुस्तकात नेमकं याच्या उलट छापलेलं होतं. कारखाना आणि गल्ली यांच्यामध्ये एकच माणूस होता, आणि तो स्टुलावर बसून ट्यूबला ठिगळ लावत होता.

"बाबा, ब्रेक उलटे आहेत."

"कोणाचे?"

"सगळ्यांचे."

मिस्त्री डावखुरे होते. तीस वर्षांपूर्वी पहिली सायकल जोडताना पुढच्या ब्रेकची वायर त्यांच्या डाव्या हाताला सोयीची वाटली, म्हणून तिकडे गेली. गिऱ्हाईक काही बोललं नाही, म्हणून दुसरीचीही तिकडेच गेली. याला निर्णय म्हणता आलं नसतं. निर्णय घेणं मिस्त्रींच्या प्रकृतीला मानवतच नसे.

"मग पुस्तकाप्रमाणे करून टाकू?"

"बघू," मिस्त्री म्हणाले.

हा शब्द मुलीच्या चांगल्या ओळखीचा होता. दुकान माझ्या नावावर करा, असं ती चार वर्षं सांगत होती आणि चार वर्षं तिला तोच ऐकू येत होता. चाकं सरळ करणं, सुटे भाग मागवणं, सगळं तीच करायची. सही मात्र बाबांची, आणि तीही बाबा सापडले तर. आता दुसऱ्या गावच्या सायकल कारखान्याने तिला तपासनीस म्हणून बोलावलं होतं. शनिवारपर्यंत उत्तर टपालात टाकायचं होतं.

"दुकान मिळालं तर राहते, नाही तर जाते," तिने आईला सांगून ठेवलं होतं.

"तू आपली पेटी भर," आई म्हणाली होती. "माझ्या स्थळाला होकार द्यायला यांना दीड वर्ष लागलं. तोसुद्धा शेवटी सासूबाईंनी दिला."

मंगळवारी मिस्त्री दाढ काढायला गेले. मुलीने दिवसभरात अकराही सायकलींचे ब्रेक पुस्तकाप्रमाणे केले आणि संध्याकाळी प्रत्येकाला सायकल देताना नीट बजावलं, "आता पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे." प्रत्येकाने मान डोलावली. पण ऐकलं होतं ते कानांनी. हातांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

बुधवारी सकाळी पोस्टमनच्या पुढ्यात मांजर आलं. त्याने सवयीने उजवा हात आवळला. आधी टपालाची पिशवी मांजरावरून गेली, पाठोपाठ पोस्टमन. कोपऱ्यावर बेकरीवाला आपल्याच पावांच्या टोपलीत उतरला. मुख्याध्यापिका बाई फाटकाशी थांबायला गेल्या आणि रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या शाळेदेखत मेंदीच्या कुंपणात शिरल्या. आतूनच त्यांनी शांतपणे सांगितलं, "हजेरी सुरू करा."

दहा वाजता तिघंही दुकानात हजर.

"मिस्त्री, हा काय प्रकार?" पोस्टमन म्हणाला. "मांजरसुद्धा हसलं मला."

"पाव होते म्हणून वाचलो," बेकरीवाला म्हणाला. "टोस्टचा दिवस असता तर?"

मिस्त्रींचा गाल सुजलेला होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि तोंडातल्या कापसातून पुटपुटले, "दे पहिल्यासारखं करून."

"माझी राहू दे," बाई म्हणाल्या. केसातलं एक पान काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "पुस्तकाचं काही चुकलेलं नाही, माझ्या हाताचं चुकलंय. हाताला शिकवीन."

त्या दिवशी मुलीने सात सायकली पहिल्यासारख्या केल्या. बाईंची राहिली. आणखी तिघं आलेच नाहीत, कारण ते अजून पडले नव्हते. त्यातला शिंपी तर इतका सावकाश चालवायचा की त्याला ब्रेकची गरजच पडत नसे.

गुरुवारी पोस्टमनची सायकल पंक्चर झाली. त्याने शिंप्याची मागून नेली आणि पहिल्याच वळणावर पिशवीच्या मागोमाग गेला. आता गल्लीत दोन जातीच्या सायकली आहेत आणि वरून दिसायला सारख्याच आहेत, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. यावर शिंप्यानेच तोडगा काढला. ज्या बाजूला पुढचा ब्रेक, त्या बाजूला लाल रिबीन बांधायची, म्हणजे तिकडचा हात जपून वापरता येईल. दुपारपर्यंत त्याने अकरा रिबिनी बांधल्या. तीन वाजता बेकरीवाला परत टोपलीत.

"लाल दिसलं की थांबायचं असतं," तो मिस्त्रींना म्हणाला. "मी थांबायला तेच दाबलं."

मिस्त्रींना फार वाईट वाटलं. बाई एवढ्या मोठ्या, त्या तरी पुन्हा पडू नयेत, असं त्यांच्या मनात आलं. रात्री पाना खिशात टाकून ते बाईंच्या घरी गेले आणि अंगणात उभी असलेली बाईंची सायकल कोणाला न विचारता पहिल्यासारखी करून आले. अंधारात लाल रिबीन तेवढी उजवीकडेच राहिली. आयुष्यात क्वचित त्यांनी एखादी गोष्ट इतक्या तडकाफडकी केली असेल. बाईंनी मात्र दोन दिवस मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या मारून हाताला नवी सवय लावली होती. शुक्रवारी सकाळी त्या फाटकाशी आल्या, ठरवून डावा हात आवळला आणि कुंपणात त्याच जागी शिरल्या.

संध्याकाळी सगळी गल्ली दुकानासमोर जमली. मुलगी पाना हातात धरून कपाटाला टेकून उभी होती. कारखान्याला लिहिलेलं उत्तर तिच्या खिशात होतं. सकाळी टपालात टाकायचं होतं, आणि आईला ते माहीत होतं.

"मिस्त्री, काय ते एकच ठरवा," बाई म्हणाल्या. "कुंपणात माझ्या मापाचं भोक पडलंय. मुलं त्यातून पळून जातात."

"तीस वर्षांची सवय आहे, तीच ठेवा," पोस्टमन म्हणाला.

"म्हणजे बाहेरगावी दुसऱ्याची सायकल घेतली की तिथे पडायचं?" शिंपी म्हणाला.

"तुम्ही बोलूच नका. तुमच्यापेक्षा तुमचं मशीन जोरात पळतं."

सगळ्यांची तोंडं मिस्त्रींकडे वळली. मिस्त्रींनी आधी उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या.

"चहा घेणार का सगळे?"

"नंतर," बाई म्हणाल्या.

"दाढ अजून ठणकतेय."

"दाढ गेली मंगळवारी," आतल्या दारातून आई म्हणाली.

मिस्त्री उठले, भिंतीवरचा पंप विनाकारण सरळ केला, पुन्हा बसले. पळायला वाट नव्हती. दुकानाच्या तोंडाशी अकरा सायकली आडव्या लावलेल्या होत्या. कपाळावर घाम आला. मग एकाएकी त्यांचा चेहरा निवळला, मोठं ओझं खाली ठेवायला जागा सापडावी तसा.

"मला काय विचारता?" ते म्हणाले.

"मग कोणाला विचारायचं?"

"मालकिणीला." त्यांनी मुलीकडे बोट केलं. "दुकान आजपासून हिचं आहे."